बिनविरोध

देवपुरातल्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. त्या आठवड्यात वर्गात सामाजिक करार चालू होता. राज्य माणसांच्या संमतीवर उभं असतं, समाजाची मिळून एक सामूहिक इच्छा असते, वगैरे. तास संपला आणि थोरल्या भावाचा फोन आला. वहिनीनं सरपंचपदाचा अर्ज भरला होता.

"ये आणि तिला समजाव. तुझं ऐकते ती."

धरणगावजवळच्या आमच्या गावात सरपंचाची निवडणूक कधी झालीच नव्हती. मारुतीच्या पारावर काही जण ठरवायचे, बाकीचे माना डोलवायचे, आणि पेपरात गावाचं कौतुक यायचं. यंदा पद बाईसाठी राखीव होतं. पारानं मावळत्या सरपंचाची बायको ठरवून टाकली होती.

सकाळच्या एसटीनं निघालो. एरंडोलपर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो, एकही टिकेना. भावाच्या बाजूनं बोललो तर वर्गात शिकवलेलं खोटं. वहिनीच्या बाजूनं बोललो तर घरात भांडण.

पारावर गावातले सगळ्यात वडीलधारे नाना वाट पाहत होते.

"बठ्ठा गाव एक शे," ते सगळ्या गावाच्या वतीनं म्हणाले. "गावनी इच्छा शे ती. तू मास्तर शे, तिले समजाड."

'इच्छा' हा फळ्यावर लिहिलेलाच शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि मला बसवेना. "नाना, बायांना कोणी विचारलं?"

"घरना मानूसले इचारं ना!"

बायांच्या वतीनं घरच्या पुरुषांना विचारलं, यात त्यांना वावगं काही वाटतच नव्हतं. मी उठलो.

वहिनी ओट्यावर भाजी निवडत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी पडणार, हे मला कळतं भाऊजी. पण मतानं पडू द्या. कोणाला न विचारता नको."

मी भावाला सांगितलं, मी हिला समजावणार नाही.

"मग आलास कशाला?"

अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी संपायची होती. तोवर मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. भाऊ तिला तहसीलला न्यायला दोनदा मोटारसायकल काढून उभा राहिला, वहिनी जागची हलली नाही.

मतदान झालं. वहिनी पडली, तीही सपाटून. भाऊ आखाजीच्या सणापर्यंत माझ्याशी बोलला नाही, अजूनही मोजकंच बोलतो. वहिनी मात्र ग्रामसभेला जाते, पुढच्या रांगेत बसते. तिला मतं कोणी दिली हे तिला माहीत नाही. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती जरा निरखून पाहते, असं तिनंच मला हसत सांगितलं.

तो धडा मी अजून शिकवतो, पण जागेवर उभा राहून नाही. 'संमती' लिहून वळलो की पाय थांबत नाहीत. बाकांमधून फिरत बोलत राहतो, आणि मागच्या रांगेतून एखादा हात वर आला की भावाचाच प्रश्न येणार असं वाटतं.