चूक लेखी देणारे हबीब सर

हबीब सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दिग्रसच्या एका जिनिंगच्या आवारात. ते खाली वाकून जमिनीतून काहीतरी उपटत होते. माझे वडील तिथे हमाल होते आणि मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. एरवी त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागे. त्या वर्षी कापूस निम्मासुद्धा आला नव्हता, आला त्याला भाव नव्हता, आणि आवार रिकामं पडलं होतं. सर गाठी बांधायच्या गंजक्या लोखंडी पट्ट्या मातीतून काढून एका बाजूला टाकत होते. मुनीमजी बघत उभे होते. सर त्यांना म्हणाले, "गाड्या येत नाही तं पोराईले खेळू द्या. गाड्या आल्या का आमी उठतो."

पट्ट्यांच्या ढिगाजवळ बारदान्याचा एक गोळा पडला होता. मी त्याला लाथ मारली. सरांनी वळून पाहिलं आणि विचारलं, "डावखुरा हाये का तू?"

"नाही. दोन्ही पायानं मारतो."

"मंग उद्या सकाळी ये."

मी तेव्हा सहावीत होतो. पुढच्या वर्षी गाड्या आल्या, पण थोड्या. आम्हाला उठावं लागलं नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी उठावं लागलं नाही. आमचं मैदान असं टिकलं.

सर गावातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. वडील शिंपी, स्वतः सर तरुणपणी गावच्या क्लबकडून फुटबॉल खेळलेले. आमची बौद्ध वस्ती, मोहल्ला, तांडा, जिथून पाय दिसेल तिथून ते मुलं उचलून आणत. बुटांसाठी ते यवतमाळला जात, मोठ्या शाळांतल्या मुलांनी टाकून दिलेले बूट पोत्यात भरून एसटीनं आणत आणि बसस्टँडजवळच्या चांभाराकडे स्वतः बसून शिवून घेत. माझा पहिला जोड दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा होता. पुसदला एका स्पर्धेत जेवणाच्या पंगतीत वाढपी मला टाळून पुढे गेला, तेव्हा सर आपलं ताट उचलून माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्याला शांतपणे म्हणाले, "इथून सुरू करा." त्यानंतर पंगत तिथून सुरू झाली.

सरांचा पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यात शिष्य म्हणून मी लिहावं, असं समितीनं कळवलं तेव्हा मी सरांना भेटायला गेलो. ते म्हणाले, "लिहाचं असन तं तुह्या पायाचं लिहिजो. ते सोडून लिहाचं असन तं लिहू नको. हारतुऱ्यावाले लई हायेत." म्हणून पुढचं लिहितो आहे. समितीनं ते जसंच्या तसं छापावं, ही विनंती.

त्या वर्षांत आमच्या सगळ्यांच्या घरी एकच बोलणं असे: पोरगं यातून बाहेर निघालं पाहिजे. वडिलांचं जिनिंग वर्षातून दोन महिनेही धड चालेना. खेळाडूंसाठी नोकरीत राखीव जागा असतात, राज्य पातळीवर खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की पोलिसात नाहीतर कुठल्या तरी खात्यात नंबर लागतो, हे घराघरात पोचलं होतं. सरांवर आयांचा जीव होता तो त्यामुळेच. आणि सर खरोखर मानत होते की आमच्या सुटकेची वाट त्या आवारातूनच जाते.

म्हणून आम्ही खेळत राहिलो. सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी क्लबचा, रविवारी खेड्यापाड्यांतले सामने. पावसाळा नाही, उन्हाळा नाही. मैदान म्हणजे वर्षानुवर्षं बैलगाड्यांच्या चाकांखाली दाबलेला मुरूम. त्यावर पाऊल टाकलं की दणका थेट गुडघ्यापर्यंत जाई. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर माझी डावी नडगी दुखायला लागली. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा होती. आधी खेळल्यावर दुखे, मग खेळताना, मग नुसतं चालताना. आई रात्री आंबेहळद लावून विटेनं शेकायची.

मी सरांना सांगितलं. सरावानंतर, बूट सोडताना. "सर, नडगी दुखून राह्यली."

त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मी ओरडलो. सरांनी पिशवीतून पट्टी काढून घट्ट बांधली आणि म्हणाले, "एक गोळी घे सकाळी, एक संध्याकाळी. फायनल झाली का महिनाभर आराम."

जिल्ह्याची फायनल बारा दिवसांवर होती. जिंकलो तर विभागाला अमरावती, आणि तिथून राज्य. मी गोळ्या घेतल्या.

फायनल यवतमाळला होती. उत्तरार्धात चेंडू माझ्याकडे आला, जवळपास कुणी नव्हतं, मी वळलो आणि कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मला कुणाचा धक्का लागला नव्हता. खाली पडल्यावर पाहिलं तर हाड कातडीबाहेर आलं होतं. सर मैदानात धावत आले आणि त्यांनी मला उचललं. दवाखान्यातही तेच घेऊन गेले.

आई-वडील पोचेपर्यंत एक्स-रे झाला होता. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "हे हाड आज मोडलेलं नाही. याला कधीचा तडा आहे. रोज त्याच जागी मार बसत गेला. दुखत असणारच. सांगितलं नाही का यानं कुणाला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं सरांकडे. मी सोळा वर्षांचा होतो, आणि त्या क्षणी मला पायापेक्षा त्या उत्तराची भीती जास्त वाटत होती. सर 'नाही' म्हणाले असते तर खोटा मी ठरलो असतो, आणि कुणी सरांवर अविश्वास दाखवला नसता.

सर म्हणाले, "सांगतलं होतं. मले सांगतलं होतं. मीच खेळवला."

वडील भिंतीला टेकून खाली बसले.  आई म्हणाली, "सर, तुमी याले मैदानात पायता. मी सकाळी पायतो. हा महिन्यापासून भिंतीले धरून उठे. एकडाव तरी मले इचाराचं होतं तुमी."



शाळेत चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं की खेळाडूनं दुखापत लपवली. सगळ्यांसाठी ते सोयीचं होतं. मुख्याध्यापकांनी सरांपुढे सहीला कागद ठेवला. सरांनी सही केली नाही. वेगळ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: विद्यार्थ्यानं वेदनेची कल्पना मला स्पष्ट दिली होती, तरीही मी त्याला खेळवलं, जबाबदारी माझी आहे. त्यांच्याकडून संघ काढून घेण्यात आला. दोन वर्षं ते फक्त प्रार्थनेची शिट्टी वाजवत आणि कवायत घेत.

माझं पहिलं ऑपरेशन बिघडलं. जखमेत पू झाला. हाडात घातलेली सळई काढावी लागली, मग पुन्हा घालावी लागली. वर्षभर पाय वाहत होता. शेवटी तो जुळला, पण तोकडा झाला. या काळात सर रोज संध्याकाळी आमच्या घरी येत. मी त्यांना एकदा सांगितलं, "तुमी येऊ नका." त्यानंतरही ते येत, पण आत येत नसत. ओट्यावर बसत, वर्गातल्या कुणाच्या तरी वह्या आईच्या हातात देत आणि निघून जात. दहावीच्या परीक्षेला एक वर्ष उशिरा बसलो. प्रत्येक पेपरला सरांनी मला सायकलच्या कॅरियरवर बसवून नेलं आणि केंद्रावर पाठीवर घेऊन बाकापर्यंत पोचवलं.  मी सरांना क्षमा केली असं इथे लिहिणं शोभून दिसेल, पण ते खरं नाही. मला त्यांचा राग होता, आणि पेपरला जाताना मी त्यांचीच पाठ धरून बसत होतो.

दोन वर्षांनी दुसरं कुणी मिळेना म्हणून संघ पुन्हा सरांकडे आला. तेव्हापासून सर पहाटे सायकल काढून मुलांच्या घरी जाऊ लागले. मुलगा उठायच्या आधी पोचायचे. अंगणात बसायचे, चहा घ्यायचे, आणि मुलगा अंथरुणातून उठून मोरीपर्यंत कसा जातो ते बघायचे. आईला विचारायचे, "काल कसा उठला? परवा?" लोक हसत. "सर पोराईची चाल पायाले येते," म्हणत. एकाच जागी तीन दिवस दुखलं की सर मुलाला बसवून ठेवत. शाळेकडून खेळणारा क्लबकडून खेळणार नाही, हा नियम त्यांनी केला. कडक उन्हाळ्यात मैदान बंद ठेवलं.

संघ हरू लागला. चषक येईनासे झाले. इथे अन्सारबद्दल लिहिलं पाहिजे. अन्सार सरांचा सख्खा पुतण्या, त्यांनी घडवलेला सगळ्यांत गुणी खेळाडू. विभागाच्या सामन्याआधी त्याचा गुडघा सुजला. सरांनी त्याला संघातून काढलं. सरांचे मोठे भाऊ घरी येऊन म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराचा पाय तोडला, अन् आता आपल्या पोराचं नसीब तोडून राह्यला तू." संघ हरला. अन्सारचं वय त्या गटातून निघून गेलं आणि सर्टिफिकेट कधीच मिळालं नाही. भाऊ मरेपर्यंत सरांशी बोलले नाहीत.

अन्सार आज ऑटो चालवतो. मी शिकत राहिलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं, आणि महागावजवळच्या एका शाळेत मराठीचा शिक्षक झालो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं सरांच्या घरी एकाच वेळी भेटलो. अन्सार माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "तुहा पाय गेला, नोकरी भेटली. माहा पाय राह्यला." सर समोरच होते.  त्यांनी अन्सारला विचारलं, "गुडघा कसा हाये?" तो म्हणाला, "चांगला हाये, चाचा." 

आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा भरलेली नाही, म्हणून खेळ माझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यात नववीतली एक मुलगी, कोमल, फुटबॉल खेळताना टाच उचलून धावायला लागली. चांगली खेळणारी मुलगी. मी तिला जिल्ह्याच्या सामन्यातून वगळलं. तिचे वडील शाळेत आले आणि सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "मास्तर, तुमी लंगडे झाले म्हणून सगळ्याईले बसवता का?"

मी शनिवारी दिग्रसला गेलो आणि सरांना हे सांगितलं. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ते खाटेवर बसून असतात, सायकल कधीच विकली. मी विचारलं, "सर, माहं चुकलं का?"

 ते म्हणाले, "मले नाही मालूम. मी खेळवलं तवाही मले वाटे का बरोबर हाये. बसवलं तवाही वाटे. एवढंच पाय, का ते पोरगी 'दुखते' असं तुले सांगत असन, तं तू ऐकलं, हे तिले कयलं पायजे."

कोमलच्या वडिलांनी तिला शाळेतून काढून दुसरीकडे घातलं. ती तिथे खेळते, असं कळतं. टाचेबद्दल काही कळत नाही.

पंचाहत्तरीच्या या सोहळ्यात सरांच्या नावानं बरंच चांगलं बोललं जाईल आणि ते खरंच असेल. मला एवढंच म्हणायचं आहे की चूक करणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले, मीही त्यांतलाच. पण ती चूक स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करणारे एकच पाहिले. सरांच्या गुडघ्यांची कळ कमी होवो, त्यांना शांत झोप लागो, शंभर वर्षांचं आयुष्य लाभो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे. 'माझं चुकलं का' असं ज्याला जाऊन विचारावं, आणि ज्यानं 'नाही' म्हणून माझी नुसती समजूत काढू नये, असा दुसरा माणूस मला या जिल्ह्यात ठाऊक नाही.