बटण इकडं, कॉक तिकडं

मंगल, ये अशी जवळ बस, आणि तो मोबाइल जरा पालथा ठेव. काय म्हणत होतीस मघाशी, सासरे घरातली एक वस्तू धड ठेवत न्हायत? अगं, बिघडलेल्या वस्तूवर इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा न्हाय, आणि तो नेमका माझा व्याही झाला. मिक्सर बंद पडला की तू निघालीस नवा आणायला. उलटा करून बुडाखालचं लाल बटण दाबून बघितलंस का? न्हाय ना? मग गप ऐक.

तुला बघायला आले तो दिवस आठव. तू पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि हे आपले वर पंख्याकडं बघतायत. मला वाटलं, मुलगी मनात भरली न्हाय. तेवढ्यात टोपी काढून ठेवली, स्टूल ओढलं, वर चढले, आणि तिथूनच म्हणाले, "मुलगी पसंत हाय. कंडेन्सर बदला." लोक खिशाला पेन लावतात, यांच्या खिशाला पेचकस. भूमहून एसटी बदलत लोहाऱ्याला यायचे, आणि मी पाय धुवायला पाणी देईपर्यंत फ्रिजला कान लावून उभे. "विहीणबाई, ह्याला भिंतीला चिकटवलंय, ह्याचा जीव घुसमटतोय. वीतभर पुढं घ्या." घेतला, तर गुरगुर थांबली की! रिमोट उघडून आतली पट्टी खोडरबरानं पुसायची, हेही त्यांचंच. सगळंच जमायचं असं न्हाय. एकदा दाराची बेल नीट केली, तर न्हाणीघरातला दिवा लावला की बेल वाजायला लागली. दोन महिने घरात कोण कधी आंघोळीला गेलं ते गल्लीला कळायचं. तर म्हणतात, "फायदाच हाय की. आत कुणी हाय का, विचारायला नको." आता मुलीच्या आईनं व्याह्याला काय बोलावं?

पण खरी गोष्ट शांतक्काची. तुझे बाबा गेल्यावर संध्याकाळी भिंतीपलीकडनं "जेवलीस का गं?" म्हणून हाक मारणारी तीच एक. आणि आमचं फाटलं ते नळावरनं. आठव्या दिवशी पाणी. तिनं नळालाच मोटर लावली, माझा नळ नुसता फुसफुसला. मग मीही लावली. दोघी मिळून वारा ओढत बसलो, आणि तोंडाला येईल ते बोललो. चार महिने हाक बंद. भाकरी करायची, पण एकटीला घास उतरायचा न्हाय. तुला सांगितलं न्हाय मी.

मग माझी मोटर जळाली, म्हणून व्याह्यांना फोन केला. आले, मोटर हुंगली, म्हणाले, "शेजारी कोण राहतंय?"

"कुणी न्हाय," मी म्हटलं.

"मग वाळत घातलेली लुगडी कुणाची?" आणि सरळ तिच्या ओट्यावर जाऊन बसले. तिचा चहा पिऊन, तिला हसवून आले. माझा नुसता जळफळाट! पण दिवसभर खपून त्यांनी तिची मोटरही नळावरनं उतरवली. दोन्ही नळ भिंतीलगतच्या तिच्या हौदात सोडले, आणि हौदातनं तीच मोटर दोन्ही गच्च्यांवर पाणी चढवील अशी जोडणी केली. फक्त बटण माझ्या भिंतीला, आणि पाणी कुणाच्या टाकीत जायचं तो कॉक तिच्या अंगणात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी बटणापाशी, ती कॉकपाशी. बोलायचं कुणी? हौद भरला. काठाला आला. वाहायला लागला. व्याही बाजेवर टॉर्चचं झाकण फिरवत बसलेले, मान वर करतील तर शपथ. आठ दिवसांनी आलेलं पाणी गटारात चाललेलं बघवतंय का कुणाला? शेवटी मीच ओरडले, "शांतक्का, कॉक फिरव गं!"

"कवाची फिरवून उभी हाय मी! तूच बटण दाब की, ठोंबे!"

बटण दाबलं आणि मला रडूच फुटलं. पलीकडं तिचंही नाक ओढणं ऐकू आलं. त्या संध्याकाळी ती ताट घेऊनच आली इकडं.

निघताना मी व्याह्यांना विचारलं, "दोन्ही एकाच बाजूला का न्हाय बसवलं?"

"वायर पुरली न्हाय, विहीणबाई."

पिशवी मी उचलून दिली, तर आत वायरचं भलं मोठं भेंडोळं. मी त्यावर शेंगाच्या पोळ्या ठेवल्या आणि चेन ओढली.

आता त्यांना दिसतं कमी, हात कापतो, कुणी बोलवत न्हाय. म्हणून तुझा मिक्सर उघडत असतील, पोरी. उघडू दे. एक स्क्रू उरला तर उरला. घरी गेलीस की सांग त्यांना, विहिणीकडं सगळं चालू हाय, काही म्हणून बिघडलेलं न्हाय, तरी या म्हणावं. शांतक्काही विचारते रोज. गुडघे दुखतात त्यांचे, एकट्यानं एसटीत चढता यायचं न्हाय. तूच घेऊन ये, लवकर.