पंपकाकांचे हातमोजे

पंपकाकांना किडे मारण्याचं वेड नव्हतं, तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. पाठीवर पंप, हातात नळी, नाकाला फडकं, असा त्यांचा अवतार सगळ्या वस्तीच्या ओळखीचा होता. हॉटेलांची स्वयंपाकघरं, गोदामं, लोकांच्या पलंगाखालच्या फटी, जिथे म्हणून झुरळ लपतं तिथे त्यांनी आयुष्यभर औषध मारलं. औषध म्हणायचं ही धंद्याची रीत. विष म्हटलं तर दार कोण उघडणार?

घरी मात्र ते त्याला विषच मानत. कामावरून आले की दारातून थेट न्हाणीघरात. कपडे वेगळ्या बादलीत. अंगावर साबण फिरेपर्यंत कुणी जवळ यायचं नाही. मुलगी लहान असताना त्यांची चाहूल लागली की धावत सुटायची, आणि हे जिन्यावरूनच ओरडायचे, "हात लावू नकोस! आधी आंघोळ!" पोरगी शहाणी. थोड्याच दिवसांत तिनं धावत येणं सोडलं. बाबा आले की ती दोन पावलं मागे सरून भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आणि त्यांची आंघोळ आटपेपर्यंत तिचा डोळा लागलेला असायचा. नियम चांगलाच होता, त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त त्या नियमापायी बापलेकीच्या वाट्याला काय आलं नाही, ते त्या घरात कुणी कधी बोललं नाही.

पुढे बायको गेली. गुडघे कुरकुरायला लागले तसा धंदाही सुटला आणि पंप माळ्यावर गेला. मुलगी तोवर नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी एकटी राहत होती. तिथेच ती आजारी पडली. साधंसुधं नव्हे, चांगलं जिवावरचं दुखणं होतं. लांबलचक उपचारांनंतर ती बापाच्या घरी परत आली ती हाडांचा सापळा होऊन.

"रोग गेलाय," डॉक्टर म्हणाले. "पण अंगात काही राहिलेलं नाही. आता हिनं खाल्लं नाही, तर माझी औषधं काही कामाची नाहीत."

आणि ती खात नव्हती. सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणायची. काकांनी सूप करून पाहिलं, भात मऊ शिजवला, फळं किसली. जिवाचा आटापिटा केला म्हणा ना. दोन चमचे घेऊन ती वाटी सरकवायची. वाटी देण्याचीही एक तऱ्हा होती. काका साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, वाटी स्टुलावर ठेवायचे आणि मागे सरायचे. मग ती हात पुढे करायची. इतक्या वर्षांनीही ती दोन पावलं जागच्या जागी होती.

एके दुपारी ती आपणहून म्हणाली, "बाबा, टोमॅटोला पूर्वी वास यायचा ना हो? पानालासुद्धा. हाताला लागून राहायचा."

आजारपणात तिनं पहिल्यांदाच खाण्याची गोष्ट काढली होती. काका दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत हजर.

"फवारायला काय देऊ?" तिथल्या बाईनं विचारलं.

"काही नको. एक थेंबसुद्धा नको," काका म्हणाले. आपल्या तोंडून हे ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्या आल्या. त्यांना बुडाशी भोकं पडली, माती भरली गेली. एका पिंपात भाजीची सालं, वाळकी पानं आणि मूठभर गांडुळं गेली. शेजारीण तिच्या गॅलरीतून म्हणाली, "काका, जन्मभर मारलेत ते मारलेत, आता म्हातारपणी पाळायला घेतलेत का?"

"निवृत्त झालोय," काका म्हणाले. "आता दोन्ही पार्ट्यांत समेट."

बोलायला ठीक होतं, पण समेट कुठला! कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि नाकावर फडकं बांधून हा माणूस मातीत काम करायचा. उघड्या बोटानं त्यांनी रोपाला कधी स्पर्श केला नाही. मातीतून आपल्याला काही लागेल ही भीती नव्हती. भीती उलटी होती. त्यांच्या लेखी त्यांचे हात अजून धुतले गेलेच नव्हते.

रोपं वाढली, पिवळी फुलं आली. मुलगी आता गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागली. मग एके दिवशी कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला. हिरवट, चिकट, टाचणीच्या डोक्याएवढे किडे, नुसता थर. त्यात इकडून तिकडे काही काळे किडे फिरत होते, लांबुळके, पाठीवर नारिंगी ठिपके, दिसायला अगदी ओंगळ. काकांनी ताडलं, हेच म्होरके. चिमटा घेऊन रोज डोळ्यांत तेल घालून त्यांनी एकेक काळा टिपला. जन्मभर ज्याला सहा पाय तो वैरी, अशी त्यांची साधी वाटणी होती.

मावा मात्र दुप्पट झाला. पानं आकसली, फुलं गळायला लागली, आणि काकांचा धीर सुटला. तिला एक तरी टोमॅटो मिळायला हवा होता. त्यांनी माळ्यावरून पंप काढला. उरलेली एक बाटलीही फडक्यात गुंडाळलेली सापडली.

"बाबा, थांबा," मुलगी खुर्चीतून म्हणाली. "त्या काळ्यांना का मारता?"

"सगळ्याचं मूळ तेच आहेत."

"एक सुटलाय तुमच्या तावडीतून. मागच्या बादलीत. सकाळपासून बघतेय मी, तो पान खातच नाही. मावा खातोय."

काकांनी चष्मा चढवला आणि वाकून पाहिलं. खरंच. काळ्यानं एक हिरवा किडा धरला, संपवला, दुसऱ्याकडे वळला. मुलीनं फोनवर शोधून चित्र दाखवलं. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा तो गोजिरवाणा ढालकिडा असतो ना, त्याची ती पिल्लं होती.

काकांनी चष्मा काढला. "मी राखणदारच मारले गं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मग आता? फवारू नको?"

"फवारलंत तर तोही मरेल. आणि ते टोमॅटो मी खाणार नाही."

"आणि झाडंच गेली तर?"

"तर गेली," ती म्हणाली.

किडा जिवंत ठेवून काका आजवर कुठल्या खोलीतून बाहेर पडले नव्हते. त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. तरी त्यांनी पंप उचलला आणि बाटलीसकट ज्याच्या हाताखाली जन्मभर काम केलं त्या जुन्या मालकाकडे नेऊन दिला. घरी येऊन ते पानं साध्या पाण्यानं धूत बसले.

दोन रोपं गेलीच. मागच्या बादलीतलं तेवढं तगलं. त्या एका काळ्याच्या जोडीला आणखी कुठूनसे आले. मुलगी खुर्चीतून खबरा द्यायची, "आज चार आहेत. एकाची कात निघतेय." बघण्याच्या नादात तिची वाटी अर्धी व्हायची, हे तिच्या ध्यानात यायचं नाही. काकांच्या यायचं.

पहिला टोमॅटो पिकला तो ओबडधोबड, एका अंगाला चिरलेला. त्या सकाळी काका खत कालवत होते. कालवता कालवता हातमोजा फाटला, अर्धं काम टाकवेना म्हणून त्यांनी दोन्ही काढून ठेवले होते आणि हात मनगटापर्यंत मातीत होते. मुलगी उठली, भिंतीला धरत गॅलरीत आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"तोडून द्या ना."

"थांब, हात धुऊन येतो. लांब हो जरा, हात लावू नकोस."

ती मागे सरली नाही. तिनं त्यांचा हात धरला, उलटा केला, तळव्यावरचा काळा चिखल पाहिला आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"माती आहे बाबा," ती म्हणाली. "नुसती माती."

काकांनी टोमॅटो तोडला. तिनं त्यांचा हात खालून आपल्या दोन्ही हातांनी धरला आणि तसाच, त्यांच्या हातातूनच, पहिला घास तोडला. रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. काकांनी तो पुसला नाही.