आईच्या तांबडीचा पाय

आई गेल्यानंतर बाबा जेवायचे ते मी ताट वाढून समोर बसले तरच. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं होतं. अंजूरच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो. मी काल्हेरला एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. संध्याकाळी रिक्षातून उतरले की आधी अंगणात नजर टाकायची, बाबा कुठे आहेत म्हणून. बहुतेक ते आईच्या कोंबड्यांपाशी असायचे. सकाळी त्यांना अंथरुणातून उठवणं मला जमत नव्हतं. कोंबड्या ओरडल्या की मात्र ते उठायचे.

त्यातली तांबडी आईची लाडकी. एके दिवशी घरी आले तर बाबा तिला मांडीवर घेऊन बसले होते.

"बाय, ही पाय टेकत न्हाय."

कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते. मी पाय उलटा करून पाहिला. तळव्याच्या मधोमध टणक काळी खपली, भोवती सूज, कातडी ताणून चकचकीत झालेली. हाताला गरम लागत होतं.

टीव्हीवर तेव्हा सारख्या बर्ड फ्लूच्या बातम्या. पोत्यांत भरून पुरलेल्या कोंबड्या दाखवायचे. शेजारची काकी पदर नाकाला लावून कुंपणापाशी आली.

"अगो, रोग हाय त्यो. मारून पुरून टाका. आमच्या घरान बारकी पोरां हायेत."

बाबांनी तांबडीला उचललं, आत गेले आणि दार लावून घेतलं.

भिवंडीच्या मेडिकलवाल्याकडे मी मलम मागितलं. तो हसलाच. "मॅडम, अभी तो लोग अंडा भी नहीं ले रहे, और आप मुर्गी का इलाज करोगे?" तरी आयोडीनचं मलम आणि पट्टी दिली. कोमट मिठाच्या पाण्यात मी तिचा पाय बुडवून ठेवला, खपली मऊ झाल्यावर ब्लेड लावलं. रक्त आलं. ती बाबांच्या हातात अशी तडफडली की मी ब्लेड बाजूला ठेवलं. खपलीचा वरचा पापुद्रा तेवढा निघाला. तशीच हळद-मलम भरून पट्टी बांधली.

सूज उतरायच्या ऐवजी वर नडगीकडे चढली. तांबडीनं दाणे टिपणं सोडलं, आणि बाबांनी ताट बाजूला सारलं.

"ती खाय न्हाय, मी कसा खाऊ?"

मी ऑफिसला दांडी मारली, तांबडीला टोपलीत घातलं, वर आईचं जुनं लुगडं झाकलं आणि भिवंडीची रिक्षा पकडली. वाटेत ती क्वॉक करून ओरडली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. "उतरो, उतरो!" पुढचं अंतर मी टोपली छातीशी धरून चालत गेले. ट्रकांचा धुरळा, डोक्यावर ऊन. लुगड्याखाली हात घालून ती जिवंत आहे का ते सारखी चाचपत होते.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दारातूनच हात दाखवला. "कोंबडी आत आणायची नाही."

"मग बाहेर या!" मी किंचाळले. "माझे वडील जेवत नाहीत हो हिच्यापायी!" आणि भर रस्त्यात रडायला लागले.

डॉक्टर हातमोजे चढवून बाहेर आले. पाय बघून म्हणाले, "हा बर्ड फ्लू नाही. तळव्यात पू साचून घट्ट झालाय. अंगण सिमेंटचं आहे ना? कुंपणावरून त्यावर उड्या मारत असणार." त्यांनी आतली पिवळट गाठ काढली, जखम धुतली, औषध दिलं. "उशीर झालाय. बहुतेक हाडापर्यंत गेलंय. बाकीच्यांसाठी तरी ते अंगण उखडा."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. अंगण उखडण्याचं ऐकून ते ताडकन उभे राहिले.

"न्हाय. ता तिच्यासाठी घातलाय."

आजारपणात आईचा पाय मातीत घसरायचा. तिला धरून फिरवता यावं म्हणून बाबांनी स्वतः ते सिमेंट घातलं होतं. जेमतेम काही दिवस ती त्यावर चालली.

औषध देऊनही तांबडी वाचली नाही. पट्टी बदलतानाच बाबांच्या मांडीवर तिनं मान टाकली. त्यांनी तिला परसात पुरलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं, हे आता उठायचे नाहीत. दाराशी बसून मी त्यांचा श्वास ऐकत राहिले.

दुसऱ्या सकाळी पांढरी कोंबडी लंगडत दारात आली. बाबांनी उठून तिचा पाय पाहिला. तळव्यावर बारीकसा काळा ठिपका होता. तिला माझ्या हातात देऊन ते परसात गेले आणि पहार घेऊन आले.

अंगणाच्या सिमेंटवर पहिला घाव घातला तेव्हा ते रडले. आईच्या तिरडीपाशीही रडले नव्हते. घाव घालत गेले आणि मोठ्यानं रडत गेले. मी तुकडे घमेल्यात भरत होते. काकी कुंपणापलीकडे उभी राहून बघत होती.

पांढरीची खपली बाबांनीच काढली. मी नुसती तिला धरून बसले होते. जखम वेळेत सापडली म्हणून तिचा पाय हळूहळू बरा होत गेला. बाबांचं मात्र कितीतरी महिने तसंच चाललं होतं. ताट वाढून मला समोर बसावंच लागायचं. पण पांढरीची पट्टी बदलायची वेळ झाली की ते स्वतःहून मला हाक मारायचे.