मिशीचा पहिला हात

या गोष्टीतलं खरं मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. घरात ती निघाली की मी उठून गुरांना पाणी दाखवायला जात असे. आता गुरं नाहीत.

माझा थोरला भाऊ चाळिशीच्या आतच पांढरा झाला. वहिनी वारली, मूलबाळ नव्हतं. आमच्यात पाट लागतो, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न होतं. तिरोड्याच्या वाटेवरच्या एका गावातली विधवा बाई त्याच्यासाठी सांगून आली. ती समजूतदार होती आणि दादाला लांबून पाहूनच आवडली होती. तिच्या भावानं मात्र निरोप पाठवला, की म्हातारा नको. दादानं मनावर घेतलं. गोंदियात स्टेशनाजवळच्या सलूनात केस काळे करून देतात, हे त्याला ठाऊक होतं. पण तिथले बाबूलोक ‘पहला हाथ’, ‘दूसरा हाथ’ असं काही बोलतात, ते त्याला कळत नव्हतं.

तो मला म्हणाला, “तू सातवी शिकला. जाऊन पुसून ये. मले तिथं येडा नाई बनाचं.”

मी आमच्या मुर्री गावाहून चालत गेलो. सलूनात रेल्वेचे तीन बाबू आरशासमोर बसले होते. मी दारात उभा राहिलो, पाटी वाचल्यासारखं केलं आणि समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली. एवढ्या माणसांत “याचा अर्थ काय?” असं विचारायला मला जमेना. घरी येऊन दादाला सांगितलं, की ज्याचं डोकं निम्मं पांढरं, त्याला पहिला हात पुरतो. दुसरा हात पार म्हाताऱ्यांसाठी. सांगताना मला स्वतःलाच ते पटलं.

पाहायला जायच्या दिवशी सकाळी आम्ही बैलगाडी घेऊन सलूनात गेलो. दादा खुर्चीत रेलून म्हणाला, “सिर्फ पहला हाथ. मूँछ को भी.”

न्हावी थांबला. “एक हाथ में कोई उठता नहीं, भैया.”

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दादा न्हाव्याला म्हणाला, की मला सगळं ठाऊक आहे, तू आपलं काम कर.

पहिला हात म्हणजे मेंदी. तिच्यावर दुसरा हात निळीच्या पाल्याचा द्यायचा, तेव्हा केस काळे होतात. हे मला डोकं धुतल्यावर कळलं, कारण दादाची मिशी ताज्या विटेच्या रंगाची निघाली. न्हावी दुसऱ्या हाताचा लगदा कालवू लागला. पण आणखी दोन तास लागले असते आणि तिकडे पाहुणे खोळंबले होते. दादानं मला विचारलं, “हे असंच रायते का?”

मी म्हणालो, “वाळल्यावर काळी पडते, दादा.”

त्यानं डोक्याला फेटा बांधला. फेटा डोकं झाकतो, मिशी झाकत नाही. सगळी वाट तो गाडीत उन्हाकडे तोंड करून बसला. दर कोसाला विचारायचा, “काळी पडून राहिली का?” मी म्हणायचो, “पडून राहिली.” बैल हाकणारा गडी मागे वळून एकदा आमच्याकडे पाहायचा आणि पुन्हा बैलांकडे.

त्या घरी बाई पाणी घेऊन आली. तिनं मिशीकडे पाहिलं आणि ओठ दाबले. हसू आवरत होती, रागावली नव्हती. तिनं सरळ विचारलं, “हे कायनं झालं?”

दादा खरं सांगायला तोंड उघडत होता. मीच मध्ये पडलो. म्हटलं, उष्णतेनं. अंगात उष्णता फार आहे त्याच्या.

तिचं हसू गेलं. तिचा पहिला नवरा तापानं गेला होता, हे मला माहीत नव्हतं. तिच्या भावानं आम्हाला पोहे दिले, वाटेसाठी काकडी दिली आणि होकार काही दिला नाही.

पुढे ती एका साफ पांढऱ्या केसांच्या माणसाच्या घरी गेली. एका लग्नात माझ्या बायकोला भेटली, तेव्हा म्हणाली, की मेंदी लावली एवढं जरी सांगितलं असतं, तरी मी आली असती.

दादानं पुन्हा पाटाचं नाव काढलं नाही. त्या न्हाव्यानं घात केला, असं तो चारचौघांत रंगवून सांगायचा. लोक पोट धरून हसायचे आणि गावातलं कोणी त्या सलूनात पाऊल टाकत नसे. मीही हसायचो.

त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याची दाढी मीच करत होतो. गालाला साबण लावला, वस्तरा हातात घेतला आणि मनात घोकलेलं बोलायला लागणार, तेवढ्यात त्यानंच न्हाव्याची गोष्ट काढली. मी दाढी पुरी केली. आठवड्यानं तो गेला.

मला एवढंच म्हणायचं होतं, “दादा, न्हाव्याची चूक नव्हती. मी विचारलंच नव्हतं. मले माफ कर.”