पाठीवरचा तळहात

सुवर्णा शेंडे मूळची सातारची. विमा कंपनीत तिची जयपूरला बदली झाली, तेव्हा नवरा रंगनाथ आपली नोकरी सोडून तिच्यासोबत आला. विद्याधर नगरातलं भाड्याचं घर त्यानंच लावलं, स्वयंपाकघरातले डबेही त्यानंच मांडले. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मुलगा सोहम कॅनडात. "आता इकडे बदली मागून घे," असं नातेवाईक म्हणत राहिले, पण सुवर्णाचा पाय निघेना. त्यानं मांडलेले डबे कुणी आणि कसे आवरायचे?

सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर एका मैदानात तिरंदाजीचा वर्ग भरायचा. ती कुंपणाशी उभी राहून बघायची. एके दिवशी शिकवणारी मुलगी आतूनच ओरडली, "आंटीजी, रोज देखती हो. आ जाओ ना अंदर!"

सुवर्णा हसून पुढे गेली. दुसऱ्या दिवशी मात्र ओढणी कमरेला गच्च बांधून आत शिरली. मुलीचं नाव कीर्ती डामोर, डुंगरपूरची.

धनुष्य दिसायला हलकं, पण दोरी ओढताना सुवर्णाचे हात थरथरले. डावा खांदा पार कानापर्यंत चढला. कीर्ती तिच्या मागे येऊन उभी राहिली. एका हातानं तिनं खांदा खाली दाबला, दुसऱ्यानं उजवं कोपर उचललं आणि मग तळहात सुवर्णाच्या पाठीवर मधोमध टेकवला. "यहाँ से खींचो, आंटीजी. हाथ से नहीं, पीठ से."

त्या उबदार तळहाताखाली सुवर्णाचं सगळं अंग सैलावलं. बाण सुटला, पण कुठं गेला ते तिला दिसलंच नाही. डोळे भरून आले होते.

"डोरी लगी क्या?" कीर्तीनं घाबरून तिचा हात उलटसुलट करून पाहिला.

"हाँ, थोड़ी सी," सुवर्णा म्हणाली.

घरी जाताना ती आठवत राहिली, अंगावर माणसाचा हात शेवटचा कधी पडला होता? रंगनाथ गेला तेव्हा बायकांनी कवटाळलं होतं. त्यानंतर? ऑफिसात नमस्ते, शेजारी नमस्ते, सोहम फोनच्या काचेआड. चहा करताना मागून येऊन पाठीवर थाप मारायची रंगनाथला सवय होती. दूध उतू जाईल म्हणून ती त्याच्यावर करवादायची.

ती रोज जाऊ लागली. दिवाळी तोंडावर आली तोवर तिचे बहुतेक बाण फलकावर बसायला लागले होते. पण जसजसं जमत गेलं, तसतशी कीर्ती दुसऱ्यांकडे वळली. लांबूनच म्हणायची, "बढ़िया, आंटीजी!" मग सुवर्णाचा खांदा पुन्हा वर चढू लागला. आपण तो मुद्दाम चढवतोय हे तिला ठाऊक होतं. लाजही वाटायची. तरी कीर्तीची पावलं मागून वाजली की सारा जीव पाठीत गोळा व्हायचा.

एका सकाळी खांदा दाबता दाबता कीर्ती थांबली. "कल तो बिल्कुल सही था. मुझे बुलाने के लिए करती हो क्या?" तिनं हसत विचारलं.

सुवर्णाला हिंदी सुचेना. "घरात हात लावणारं कुणी नाही गं," ती मराठीतच बोलून गेली.

कीर्तीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिचं हसू मावळलं. तिनं तळहात पाठीवर टेकवला. बाण सुटला, फलकात जाऊन रुतला, तरी तिचा हात पाठीवरून निघाला नाही.

दिवाळीला गावी निघताना कीर्ती पाया पडायला वाकली. सुवर्णानं तिला उठवून छातीशी धरलं. दोघींपैकी कुणालाच घाई नव्हती.

संध्याकाळी सोहमचा फोन आला. हवा, जेवण, ऑफिस, सगळं नेहमीसारखं बोलून झालं. "आणखी काय, आई?" त्यानं विचारलं. एरवी या प्रश्नावर ती "मजेत" म्हणून फोन ठेवायची.

"सोहम, तू ये," ती म्हणाली. "काही काम नाही. मला तुला जवळ घ्यायचंय."

तो हळूच म्हणाला, "तिकिटं बघतो, आई."

तो खरंच येणार की समजूत घालतोय, ते तिला आवाजावरून कळेना. तिनं पुन्हा विचारलंही नाही. फोन बंद झाल्यावर ती त्याच्या खोलीत गेली आणि पलंगावरची धूळ झटकून धुतलेली चादर घालू लागली.