रिकामी राहिलेली ओळ

बस डेपोच्या मागच्या बाजूला, बॅटरीखोलीला लागून तेल तपासायची खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे तेलबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावरही. त्यांना राग नव्हता. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं, धाकट्या भावाला शिकवलं आणि सारा जन्म इंजिनांचं काळं तेल बघण्यात घालवला. नाव काय वाईट होतं?

इंजिनातून काढलेलं तेल छोट्या बाटलीत येई. यंत्र त्यात लोखंड किती, तांबं किती, सिलिकॉन किती ते सांगे. आकडे कोणीही वाचील, पण तेलबाई आधी चौकशी करत. तेल किती चाललं? मध्ये नवं ओतलं का? इंजिनाचं काम कधी निघालं होतं? नवं तेल ओतून बाटली भरली, तर आजारी इंजिनही ठणठणीत दिसतं. शितावरून भाताची परीक्षा तेलात चालत नाही, असं त्या म्हणत आणि मागचे रिपोर्ट शेजारी ठेवूनच नवा वाचत.

रिपोर्टच्या तळाशी ‘संभाव्य कारण’ अशी एक ओळ होती. ती भरायची सक्ती नव्हती, तरी तेलबाई ती दर वेळी भरत. वर्कशॉपचे साहेब आकड्यांच्या वाटेला जात नसत. आकडा हद्दीबाहेर गेला की त्याचा चौकोन लाल होई; साहेब तेवढे लाल चौकोन पाहत, मग तळाची ओळ.

धाकटा भाऊ त्याच डेपोत मेकॅनिक होता. कंत्राटावर होता आणि त्या महिन्यात कायम व्हायचा होता. त्याने एक इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधलं. काही दिवसांनी त्याच्या तेलाची बाटली आली आणि सिलिकॉनचा चौकोन लाल झाला.

सिलिकॉन म्हणजे धूळ, हे डेपोत पोरासोरांनाही पाठ होतं. पण धूळ एकटी येत नाही. तिच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियम चढतं, मागोमाग झिजलेलं लोखंड. इथे अ‍ॅल्युमिनियम जागचं हललं नव्हतं. लोखंड पिस्टनच्या नव्या रिंगा बसताना चढावं तेवढंच चढलं होतं. हे सिलिकॉन सांधे बंद करायला लावतात त्या सीलंटचं होतं. नव्या बांधणीत ते तेलात उतरतं, आणि पुढच्या तेलात कमी होतं. दुसऱ्या कोणाचं इंजिन असतं तर तेलबाईंनी चहा निवायच्या आत हे लिहिलं असतं.

त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. ‘पुन्हा नमुना पाठवा’ एवढंच वर लिहिलं. तळाची ओळ रिकामी सोडली.

साहेबांनी दुसऱ्या नमुन्याची वाट पाहिली नाही. हवेचा पाइप सैल बसवला, धूळ आत गेली, कामात हलगर्जी, असं ठरवून त्यांनी धाकट्याला घरी बसवलं.

तो तडक तेलखोलीत आला. “ताई, परक्यांच्या इंजिनाला तू कारण लिहितेस. माझ्याच वेळी शाई संपली?”

“अरे, मी लिहिलं असतं तर म्हणाले असते, बहिणीने भावावर पांघरूण घातलं.”

“म्हणू देत की! खोटं होतं का?”

“दुसरा नमुना येऊ दे. आपोआप सिद्ध होईल.”

“हो, सिद्ध होईल. तोवर तुझी अब्रू सांभाळ,” तो म्हणाला आणि दार न लोटता गेला.

तेल बदललं, गाडी चालली, दुसरी बाटली आली. सिलिकॉन निम्म्याच्याही खाली उतरलं होतं. तेलबाई रिपोर्ट घेऊन स्वतः साहेबांकडे गेल्या.

“छान! इंजिन सुटलं म्हणायचं,” साहेब म्हणाले.

“आणि मेकॅनिक?”

“त्याच्या जागी माणूस कायम झालासुद्धा. बाई, तुम्हाला हे पहिल्याच वेळी कळलं होतं?”

“खात्री नव्हती. अंदाज होता.”

“मग लिहायचं ना! मी तुमच्या अंदाजावरच तर चालतो.” साहेबांचा आवाज चढला. “ती ओळ रिकामी पाहिली आणि मी म्हटलं, सख्ख्या बहिणीलाही याच्या बचावाला काही सापडलं नाही. माझी शंका तिथेच फिटली.”

उठताना साहेब म्हणाले, “पण तुमच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक आहे हं. वर कळवलंय मी.” तेलबाईंना ते कानफटात मारल्यासारखं लागलं.

धाकटा आता हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रक दुरुस्त करत होता. तेलबाई तिथे गेल्या तेव्हा तो गाडीखाली होता; बाहेर फक्त पाय दिसत होते.

“रिपोर्ट आला. इंजिन चोख आहे,” त्या वाकून म्हणाल्या.

“असणारच. मी बांधलं होतं.”

“माझं चुकलं रे.”

“चुकलं कुठे? दुसरा नमुना हवा म्हणालीस, दुसरा नमुना आला. तू बरोबरच असतेस, ताई. आईला सांग, मी बरा आहे.”

खालून त्याचा हात बाहेर आला आणि जमिनीवर पाना चाचपू लागला. तेलबाईंनी जवळचा एक उचलून त्याच्या हातात दिला.

“हा नव्हे,” आतून आवाज आला. “राहू दे, मी बघतो.”